लसूण, मीठ, वाइन आणि माडेराचा डोंगर

'स्टेक' हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यात आला तो सिझलरच्या धुरातून. चर्रर्र आवाज करत येणारी लोखंडी प्लेट, तळाशी कोबीची पानं, बाजूला फ्रेंच फ्राइज, वर ओतलेला तपकिरी सॉस आणि समोर बसलेल्याचा चेहरा दिसू नये इतका धूर. वाढदिवस असो, पहिला पगार असो, नाहीतर प्रमोशन... ऑर्डर ठरलेली! पण त्या सगळ्या धामधुमीत मांसाची स्वतःची चव कशी होती, असं कुणी विचारलं तर आपली पंचाईत. आणि मॅरिनेट करणं? ते तर आपल्याला घरूनच ठाऊक. दही, आलं-लसूण, हळद, तिखट, गरम मसाला, वरून लिंबू, आणि रात्रभर फ्रिजमध्ये. वाटण जितकं दाट, तितका सुगरणीचा हात सढळ.

या सगळ्याच्या अगदी उलट टोकाला बसलेलं एक गाव आहे. तिथे स्टेकला लावायला चार गोष्टी लागतात. लसूण, जाडं मीठ, एका झाडाची पानं आणि थोडी वाइन. बस्स. पाचवी गोष्ट मागितलीत तर बाई तुमच्याकडे 'बिचारा परदेशी' अशा नजरेनं बघतात.

गावाचं नाव एश्त्रेइतु द कामरा द लोबुश. उच्चारताना जीभ अडखळली तरी चालेल, बसचा ड्रायव्हर समजून घेतो. हे गाव आहे माडेरा बेटावर. बेट पोर्तुगालचं, पण लिस्बनपासून जवळजवळ हजार किलोमीटर नैर्ऋत्येला, भर अटलांटिकमध्ये. आफ्रिकेचा किनारा त्याला जास्त जवळचा. लिस्बनमधल्या प्रोजेक्टवर असताना एक लाँग वीकएन्ड हाताशी आला आणि आम्ही दोघांनी तिकिटं काढली. दोघं म्हणजे मी पुण्याचा आणि माझा टीममेट, म्हापशाजवळच्या गावातला अस्सल गोवेकर. लिस्बनहून पावणेदोन तासांची फ्लाइट. लँडिंग मात्र सॉलिड! एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, मधे वाऱ्याचा खेळ. धावपट्टी पुरेशी लांब नव्हती, म्हणून २००० साली ती वाढवली. तीही जमिनीवर नव्हे, सुमारे १८० खांबांवर. विमान थांबलं की प्रवासी टाळ्या वाजवतात, आपणही वाजवायच्या. २०१७ पासून या विमानतळाला क्रिस्तियानो रोनाल्डोचं नाव आहे, कारण गडी इथलाच.

कोकणातल्या माणसाला हे बेट परकं वाटणारच नाही. समुद्रातून उभे चढलेले डोंगर, उतारावर टप्प्याटप्प्यानं केलेली शेती, केळीच्या बागा, ऊस, लाल कौलं. फरक एवढाच, की आपल्याकडे जिथे आंबा-काजू दिसतो तिथे इथे द्राक्षाचे मांडव. राजधानी फुंशालहून पश्चिमेला नऊ-दहा किलोमीटरवर कामरा द लोबुश हे कोळ्यांचं बंदर लागतं. रंगीत होड्या, वाळत घातलेले मासे. १९५० च्या जानेवारीत विन्स्टन चर्चिल इथे सुट्टीवर आले होते आणि याच बंदराचं चित्र काढत बसले होते. त्यामुळे आजही प्रत्येक टूरबस तिथे पाच मिनिटं थांबते, सगळे एकाच जागेवरून एकच फोटो काढतात आणि निघतात. तुम्ही मात्र तिथे उतरून वर जाणारी दुसरी बस पकडा. वळणं घेत बस चढायला लागते, खाली समुद्र लहान होत जातो आणि कुठल्यातरी वळणावर खिडकीतून धुराचा वास येतो. लाकडाचा, लसणाचा आणि आणखी कसला तरी, निलगिरीच्या जवळचा. एश्त्रेइतु आलं.

गावाची ख्याती एका पदार्थासाठी आहे, एश्पेतादा. बीफचे मोठमोठे चौकोनी तुकडे, त्यांना ठेचलेला लसूण, जाडं मीठ आणि 'लोरु'ची पानं चोळायची, काठीला ओवायचे आणि निखाऱ्यांवर धरायचे. काठीही त्याच लोरुच्या झाडाची, हा खरा फंडा. आतून ओली काठी तापली की तिचा वास मांसाच्या पोटात शिरतो. पण या काठ्या आता सहज दिसत नाहीत. लोरुची जंगलं हा माडेराचा ठेवा आहे. युरोपात इतरत्र जवळपास नाहीसं झालेलं हे प्राचीन जंगल इथे सुमारे पंधरा हजार हेक्टरांवर टिकून आहे आणि १९९९ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. प्रत्येक पर्यटकाच्या प्लेटसाठी एक फांदी तोडायची म्हटली तर जंगल उरायचं नाही. म्हणून बहुतेक हॉटेलांत लोखंडी सळया आल्या आहेत. टेबलाच्या मधोमध एक स्टँड, त्याला उभी टांगलेली सळई, वरच्या तुकड्याचा रस खालच्यावर ठिबकतोय आणि सगळ्यात खाली तो टिपायला पाव ठेवलेला. पावाचं नाव बोलु दु काकु. रताळं घालून मळलेला, तापलेल्या दगडावर भाजलेला, आत लसणाचं लोणी. मी सांगतो, हा पाव एकटा खायला मिळाला तरी विमानाचं तिकीट वसूल!

पूर्वी हे हॉटेलचं खाणं नव्हतंच. जत्रेचं खाणं होतं. १५ ऑगस्टला बेटावर मोंत इथल्या मेरीमातेची मोठी जत्रा भरते. अशा जत्रांत खाटकाच्या टपरीवरून मांस विकत घ्यायचं, तिथेच कापून लसूण-मीठ लावायचं आणि सार्वजनिक चुलाणावर आपलं आपण भाजायचं. बीफ रोज परवडायचं नाही, वर्षातून काही वेळाच. मग ते मिळालेलं मांस मसाल्याखाली कोण कशाला झाकेल?

आम्ही ज्यांच्या घरी खोली घेतली होती, त्या बाई सत्तरीच्या पुढच्या. तरुणपणी कितीतरी उन्हाळे त्यांनी इंग्लिश खाडीतल्या जर्सी बेटावर हॉटेलात राबून काढलेले, त्यामुळे इंग्रजी फर्डं. धाकटा मुलगा अजून जर्सीतच. थोरला व्हेनेझुएलात, कराकसला बेकरी चालवायचा, तिथलं सगळं बिघडल्यावर परत आला. माडेरात ही काही वेगळी कहाणी नाही. प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी जर्सीत, दक्षिण आफ्रिकेत नाहीतर व्हेनेझुएलात. आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात कसं प्रत्येक घरातलं कुणीतरी मुंबईत, अगदी तसं.

शनिवारी संध्याकाळी त्या स्वयंपाकघरात दुसऱ्या दिवशीच्या 'प्रेगु'ची तयारी करत होत्या. प्रेगु म्हणजे पातळ स्टेक पावात घालून. पोर्तुगीजमध्ये प्रेगु म्हणजे खिळा. लसणाचे काप मांसात खिळ्यांसारखे ठोकतात म्हणून हे नाव, असा एक खुलासा आहे; आणखीही आहेत, पण मला हाच आवडला. आम्हाला दोघांना त्यांनी टेबलाशी बसवलं, हातात पाण्याचे ग्लास दिले आणि 'बघा आणि गप्प बसा' असा एकंदर भाव ठेवून कामाला लागल्या.

आधी मांस. अंगठ्याएवढे जाड काप होते, ते त्यांनी लाकडी हातोडीने ठोकून निम्मे केले. मग लाकडी खल पुढे ओढला. लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, त्यावर चमचाभर जाडं मीठ आणि ठेचायला सुरुवात. पाणी नाही, तेल नाही, काही नाही. मिठाचे खडे लसणाला घासत होते आणि दोन मिनिटांत त्याची ओलसर चटणी झाली. ती हाताने मांसाला दोन्ही बाजूंनी चोळली. त्यावर लोरुची चार पानं हातानेच फाडून टाकली. झाकण ठेवलं, आणि... बाई चक्क बाहेर जाऊन झाडांना पाणी घालायला लागल्या! अर्ध्या तासाने परत आल्या, मग वाइन ओतली. कोरडी, पांढरी, अर्धा कप. त्यावर एक चमचा व्हिनेगर. पुन्हा झाकण.

"वाइन आधीच का नाही घातली?" मी विचारलं.

"लसूण आधी लसूण झाला पाहिजे," बाई म्हणाल्या.

माझा गोवेकर मित्र इतका वेळ एक शब्द बोलला नव्हता. तो एकदम म्हणाला, "मिक्सर!"

त्याचं असं झालं होतं. त्याची आई आदल्या वर्षी गेली. रविवारी मासहून परत आलं की तिच्या हातचा स्टेक, ही त्या घरची रीत. लसूण, मिरी, मीठ आणि माडीचं व्हिनेगर. कागदावर लिहून ठेवलेलं काहीच नाही. फोनवर विचारलं की उत्तर एकच, 'अदमासान घाल.' ती गेल्यावर हिंजवडीच्या फ्लॅटमध्ये याने कितीदा तरी करून पाहिलं. व्हिनेगर म्हापशाच्या बाजारातलं, तेच. मिरी तीच. पण चव येईना. आंबट व्हायचं, पण तो लसणाचा झणका गायब. आता त्या खलबत्त्याकडे बघताना त्याची ट्यूब पेटली. आई ठेचायची. हा मिक्सरमध्ये करायचा. आणि मिक्सरच्या भांड्यात कोरडा लसूण फिरत नाही, म्हणून पहिल्यांदाच व्हिनेगर ओतायचा. आपण सगळे तेच करतो की!

आणि यामागे खरोखरच विज्ञान आहे बरं का. अख्ख्या लसणाला तसा फारसा वास नसतो. पाकळी ठेचली की आतलं एक एन्झाइम मोकळं होतं आणि काही क्षणांत तो तिखट, उग्र लसूणपणा तयार करतं. पण आंबट पदार्थात हे एन्झाइम लंगडं पडतं. लसूण व्हिनेगरमध्येच वाटला तर झणका तयार व्हायच्या आधीच त्याचा गळा आवळला जातो. आधी मिठाबरोबर ठेचा, पाच-दहा मिनिटं राहू द्या, मग आंबट घाला. साहित्य तेच, फक्त क्रम बदलला. बाईंनी केमिस्ट्री वाचलेली नव्हती, मित्राच्या आईनेही नव्हती.

त्या रात्री मित्र उशिरापर्यंत गच्चीवर बसून होता. मी काही विचारलं नाही.

पण माडेरातल्या बाई आणि गोव्यातली आई एकच गोष्ट करत होत्या, हा योगायोग नव्हे. या मिश्रणाला पोर्तुगीजमध्ये नाव आहे 'विन्या द'आल्युश', म्हणजे वाइन आणि लसूण यांचं मुरवण. फ्रिज नसलेल्या काळात मांस टिकवायची ही युक्ती. माडेरात आजही नाताळात याच नावाचा डुकराच्या मांसाचा पदार्थ घरोघरी होतो. वाइन, व्हिनेगर, लसूण आणि लोरु यांत दोन-तीन दिवस मुरवलेलं मांस. २३ डिसेंबरच्या रात्री फुंशालचा बाजार रात्रभर उघडा असतो, तेव्हा ते पावात घालून उभ्याउभ्या खातात. हेच नाव जहाजांबरोबर गोव्यात आलं. इथे द्राक्षाची वाइन कुठली? इथे माड होते. मग माडीचं व्हिनेगर आलं, पुढे पोर्तुगीजांनीच अमेरिकेतून आणलेली मिरची आली, दालचिनी-लवंग आली आणि नाव झालं विंदाल्यु. तेच पुढे इंग्रजांच्या तोंडी 'विंदालू'. त्यात बटाटा घालणाऱ्या हॉटेलवाल्यांना सांगा, शेवटचा 'आलू' हा मुळात लसूण आहे, बटाटा नव्हे!

गोव्यावरच गोष्ट थांबत नाही. १८३५ पासून माडेराचे मजूर उसाच्या मळ्यांवर काम करायला गयानाला गेले. तिथे नाताळातला 'गार्लिक पोर्क' आजही होतो. १८७८ पासून ते हवाईला गेले, तिकडेही विन्या द'आल्युश गेलं. (जाताना त्यांनी बरोबर एक छोटी गिटार नेली होती, तिची पुढे युकुलेली झाली, पण ते राहू दे.) प्रत्येक ठिकाणी काहीतरी सुटलं, काहीतरी बदललं. कुठे लोरु मिळेना, कुठे वाइन. लसूण, मीठ आणि आंबट मात्र टिकून राहिलं. फ्रिज आल्यावर तर या सगळ्याची गरजच संपली होती. तरी कुणी सोडलं नाही. घर सोडून गेलेल्या माणसाला मांस टिकवायचं नसतं, चव टिकवायची असते.

माडेराच्या वाइनचा आणि आपला तर आणखी एक धागा आहे. जुन्या काळी पूर्वेकडे, हिंदुस्थानाकडे जाणारी जहाजं माडेराला थांबून वाइनची पिंपं भरून घेत. विषुववृत्ताच्या उन्हात, जहाजाच्या पोटात पिंपं महिनोन्महिने तापत. काही पिंपं न विकता परत आली, तेव्हा लक्षात आलं की वाइन बिघडली नाही, उलट सुधारली! मग मुद्दाम फेरी मारून आणलेल्या वाइनला जास्त भाव मिळायला लागला. आता फेरी मारत नाहीत, पिंपं माळ्यावर वर्षानुवर्षं उन्हाच्या उबेत ठेवतात किंवा टाक्यांत तीन महिने तापवतात. ही वाइन गोडसर, महाग आणि जेवणानंतर घुटक्याघुटक्याने प्यायची. मांसाला लावायला ती नको. त्याला साधी कोरडी पांढरी.

आता मुद्द्याचं. हे आपल्या वन बीएचकेमध्ये कसं जमवायचं?

पहिला प्रश्न मांसाचा. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, त्यामुळे आपल्याकडच्या हॉटेलांत स्टेक म्हणून जे येतं ते म्हशीचं मांस, मेनूकार्डावरचं 'बफ'. रंगाने गडद, चरबी कमी, धागा जरा राठ. खाटकाकडे 'अंडरकट' मागा, तो सगळ्यात मऊ भाग. आणि हे काहीच खात नसाल तर पान उलटू नका. हेच मुरवण पोर्क चॉपला फक्कड लागतं, चिकनलाही चालतं. सुरणाचे जाड काप आधी वाफवून घेऊन त्यांना लावलं, तर शाकाहारी मित्रही प्लेट पुढे करतात. स्वानुभव आहे.

दुसरा प्रश्न, मॅरिनेडने मांस मऊ होतं का? इथे आपला सगळ्यांचा गैरसमज मोठा आहे. वाइन असो, व्हिनेगर असो की लिंबू, आंबट मांसात फार तर काही मिलिमीटर शिरतं. लसूण आणि पानांचा वासही वरवरच राहतो. खोल जातं ते फक्त मीठ, आणि तेच आतला रस धरून ठेवायला मदत करतं. जास्त वेळ आंबटात ठेवलं तर मांस मऊ होण्याऐवजी वरून पिठूळ होतं. कच्च्या पपईचं तर विचारू नका, तासाभरात स्टेकचं भरीत. मऊपणा हवा असेल तर तो सुरीत आणि हातोडीत आहे. धाग्याला आडवं कापा, ठोकून पातळ करा. पातळ तुकड्याला बाहेरची चवही जास्त लागते, कारण त्याला 'बाहेर' जास्त असतं! बाईंच्या हातोडीचं रहस्य हे.

तिसरा प्रश्न लोरुचा. ही पानं म्हणजे युरोपातल्या बे लीफची सख्खी भावंडं. आपण बिर्याणीत घालतो ते तमालपत्र मात्र वेगळं, ते दालचिनीच्या कुळातलं. दोन्ही पानं हातात घेऊन बघा. तमालपत्रावर देठापासून टोकापर्यंत तीन शिरा धावतात, बे लीफला मधली एकच. वासही निराळा, तमालपत्र लवंग-दालचिनीकडे झुकतं, बे लीफ निलगिरीकडे. सुपरमार्केटात बे लीफ मिळालं तर उत्तम. नाही मिळालं तर तमालपत्र घाला, पण मग त्याला माडेरा म्हणू नका, गोव्याच्या दिशेने निघालेलं जहाज म्हणा. माझं मत विचाराल तर मला बफबरोबर तमालपत्रच जास्त आवडलं.

तर चार माणसांसाठी सातशे ग्रॅम मांस, दीड सेंटिमीटर जाडीचे काप, ठोकून पातळ केलेले. लसणाच्या दहा पाकळ्या. गावठी बारीक लसूण असेल तर पंधरा. दीड चमचा जाडं मीठ, चहाच्या चमच्याने. दोन्ही खलबत्त्यात ठेचा. खलबत्ता नसेल तर पोळपाटावर वाटीच्या बुडाने, पण मिक्सर नाही म्हणजे नाही! दहा मिनिटं तसंच राहू द्या, मग मांसाला चोळा, पानं फाडून टाका, थोडी भरड मिरी हवी तर घाला. अर्ध्या तासाने अर्धा कप कोरडी पांढरी वाइन आणि एक मोठा चमचा व्हिनेगर. वाइन उघडायची नसेल तर माडीचं व्हिनेगर दोन मोठे चमचे आणि पाणी चार चमचे. भांडं काचेचं किंवा स्टीलचं घ्या, अ‍ॅल्युमिनियम आंबटाला चालत नाही. फ्रिजमध्ये दोन ते चार तास. शनिवारी दुपारी लावलं की संध्याकाळी पाहुणे यायच्या वेळेला तयार.

आता सगळ्यात दुर्लक्षित पायरी. मांस बाहेर काढून लसणाचे कण झटका आणि पेपर नॅपकिनने कोरडं करा. अगदी कोरडं. खमंग तपकिरी रंग आणि वास साधारण १४० अंशांच्या पुढे खुलतो, आणि पाणी असेल तोवर तव्यावर गाडी शंभराच्या पुढे सरकत नाही. ओला स्टेक भाजला जात नाही, उकडला जातो. आणि ठेचलेला लसूण कडकडीत तव्यावर पडला की जळून कडू होतो. म्हणून आधी नुसतं मांस, बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवून, थोड्या तेलावर एकेक-दोनदोनच काप, प्रत्येक बाजू दीड-दोन मिनिटं. इतक्या पातळ आणि त्यातही ठोकलेल्या मांसात 'रेअर' वगैरेचा हट्ट धरू नये, आतपर्यंत नीट शिजलेलंच बरं. मांस बाजूला काढून आच कमी करा, लोण्याचा गोळा टाका, उरलेलं मुरवण लसूण-पानांसकट त्यात ओता आणि दोन-तीन मिनिटं खळखळून उकळू द्या. ते उकळणं महत्त्वाचं, कारण त्यात कच्चं मांस बसलेलं होतं. अर्धं आटलं की सॉस तयार. पाव मधे कापा, एक फाक सॉसमध्ये बुडवा, आत स्टेक. बोलु दु काकु नसला तरी आपला बेकरीतला कडक पाव काही कमी नाही.

माडेराला जायचं मनात आलंच असेल तर शेंगेन व्हिसा, लिस्बनमार्गे. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर गाठा. सप्टेंबरात एश्त्रेइतुमध्ये द्राक्षांची काढणी असते, गाव रंगात येतं. डोंगरातल्या पाटांच्या कडेने चालायच्या वाटा आहेत, त्यांना लेवादा म्हणतात. त्यातली एखादी लोरुच्या जंगलातून जाणारी निवडा. पान तोडू नका, नुसतं हात लावून बोटांचा वास घ्या. आणि संध्याकाळी पोंशा. उसाची दारू, मध आणि लिंबू. घुसळायला लाकडी रवी, अगदी आपल्या ताकाच्या रवीची धाकटी बहीण, दोन तळव्यांत फिरवायची. एक ग्लास गोड वाटतो. दुसऱ्यानंतर उतारावरच्या पायऱ्या मोजायला लागतात.

माझ्या मित्राने परत आल्यावर पहिलं काम काय केलं असेल, तर लक्ष्मी रोडवरून दगडी खलबत्ता आणला. तिसऱ्या रविवारी त्याला हवी ती चव सापडली. मग त्याने सगळं ग्रॅममध्ये मोजून लिहिलं, व्हिनेगर मिलिलिटरमध्ये, वेळ मिनिटांत, शेवटी टक्क इंजिनियर. तो कागद फ्रिजवर लावला आणि त्याचा फोटो टोरांटोला बहिणीला पाठवला. तिचं उत्तर आलं, तिकडे माडीचं व्हिनेगर मिळत नाही, सफरचंदाचं घातलं तर चालेल का? आणि किती?

त्याने लिहिलं, 'अदमासान घाल.'